प्लाझ्मा जेटचा उजेड कसा मोजावा आणि कसा वाचावा

अंधाऱ्या खोलीत हेलियमचा प्लाझ्मा जेट, म्हणजे विजेने आयनित केलेल्या वायूचा झोत, सुरू केला की क्वार्ट्‌झच्या नळीच्या तोंडातून जांभळट, टोकाकडे निमुळती होत जाणारी दोन-तीन सेंटीमीटरची सुई बाहेर पडते. ना निर्वात कक्ष, ना पंप. सगळं उघड्या हवेत. त्या सुईतला वायू खोलीपेक्षा थोडासाच गरम असतो. पण त्याच जागी फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन. उष्णता न सोसणाऱ्या प्लास्टिकवर, अगदी जिवंत ऊतींवरही हा जेट वापरता येतो तो या विषमतेमुळेच.

मोजायला मात्र तो अवघड. धातूचा प्रोब आत घातला की डिस्चार्ज (विजेचा विसर्ग) त्याच्याकडे ओढला जातो, आणि मग आपण मोजतो तो मूळ जेट उरतच नाही. प्रकाश मात्र आपणहून बाहेर येतो. म्हणून या क्षेत्रात बहुतेकांचं पहिलं मोजमाप वर्णपटाचंच असतं. ते घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि तिथेच धोका आहे. पाच मिनिटांत पडद्यावर वीस शिखरं दिसतात आणि प्रत्येकावर नाव लिहायची घाई होते. या लेखात मी सर्वात जास्त जागा त्या घाईला आवर घालण्यासाठी दिली आहे.

उदाहरण म्हणून एक साधा जेट धरू: क्वार्ट्‌झची नळी, आतला व्यास २ मिलीमीटर, बाहेरून कडं घातल्यासारखा इलेक्ट्रोड, मिनिटाला २ लिटर हेलियम, काही किलोव्होल्टचा विद्युतदाब, वारंवारता २० किलोहर्ट्‌झ. आणि हाताशी २०० ते ९०० नॅनोमीटर बघणारा, फायबरने जोडायचा छोटा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा उजेड किती ते मोजणारं यंत्र.

प्रकाश नेमकं कुणाबद्दल बोलतो

रेणू किंवा अणू उत्तेजित झाला आणि खालच्या पातळीवर उतरला, तरच फोटॉन सुटतो. म्हणजे शिखराची उंची त्या उत्तेजित कणांची संख्या सांगते, आणि ते एकूण कणांच्या मानाने अगदी थोडे असतात. मूळ अवस्थेतले लाखो हायड्रॉक्सिल (OH) कण नळीपासून दूर शांतपणे वाहत गेले, तर ते स्पेक्ट्रोमीटरला दिसत नाहीत. तिथे इलेक्ट्रॉन उरले नाहीत म्हणून उजेड नाही, एवढंच. "३०९ नॅनोमीटरचं शिखर निम्मं झालं, म्हणून हायड्रॉक्सिल निम्मं झालं" हे वाक्य मी प्रबंधांच्या मसुद्यांत अनेकदा खोडलं आहे. मूळ अवस्थेतले कण मोजायला शोषण किंवा लेसर लावून मिळणारं प्रतिदीपन लागतं.

दुसरी बाब ऊर्जेची. हेलियमची ७०६.५ नॅनोमीटरची रेषा ज्या पातळीवरून सुटते ती २२.७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. नायट्रोजनच्या ३३७.१ च्या पट्ट्याला सुमारे ११ पुरतात. त्यामुळे ७०६.५ उजळ दिसली की तिथे खूप जोमदार इलेक्ट्रॉन आहेत असं धरता येतं; ३३७.१ तेवढं सांगत नाही.

नायट्रोजनच्या आयनाचा ३९१.४ चा पट्टा वेगळीच गोष्ट सांगतो. साध्या नायट्रोजन रेणूपासून त्या उत्तेजित आयनापर्यंत जायला १८.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. हेलियमचा मेटास्टेबल, म्हणजे उत्तेजित होऊन बराच वेळ तसाच राहणारा, अणू १९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा अंगावर घेऊन फिरत असतो, आणि नायट्रोजनशी टक्कर झाली की ती देऊन टाकतो. याला पेनिंग आयनीभवन म्हणतात. म्हणून हेलियमच्या जेटमध्ये ३९१.४ दिसलं की मेटास्टेबल हेलियम आणि हवा यांची गाठ पडते आहे असं समजायला जागा आहे. आरगॉनच्या मेटास्टेबलची ऊर्जा ११.५ ते ११.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच असते, त्याला हे काम झेपत नाही. आरगॉन जेटमध्ये हा पट्टा क्षीण असतो किंवा दिसतच नाही.

वायू, नळ्या आणि वाट बघणं

९९.९९९ टक्के शुद्धतेच्या सिलिंडरमध्येही दहा लाखांत दहा भागांपर्यंत अशुद्धी असू शकते. पण खरी भेसळ बहुधा सिलिंडरमध्ये नसते, सिलिंडर ते जेट या वाटेत होते. सिलिकॉनच्या मऊ नळ्यांतून बाहेरची आर्द्रता आत झिरपते. पीटीएफईची (टेफ्लॉनची) किंवा स्टेनलेस स्टीलची नळी लावा, आणि जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा. रात्रभर बंद राहिलेल्या नळीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा थर बसतो. सकाळी जेट सुरू केल्यावर ३०९ चा हायड्रॉक्सिलचा पट्टा उंच दिसतो आणि मग हळूहळू उतरत जातो.

तो उतार स्वतः बघाच. वायू सोडा, जेट लावा, आणि दर पाच मिनिटांनी ३०९ आणि ७०६.५ ची उंची लिहून ठेवा. आकडे स्थिर झाले की तुमच्या मांडणीला किती वेळ लागतो ते कळतं. कुठे अर्धा तास पुरतो, कुठे दोन तासही कमी पडतात. हा वेळ न मोजता घेतलेली सकाळची आणि दुपारची नोंद एकमेकींशी ताडून बघू नये.

प्रवाहमापक कोणत्या वायूसाठी लावला आहे तेही तपासा. नायट्रोजनसाठी लावलेल्या यंत्रातून हेलियम सोडला की पडद्यावरचा आकडा खरा नसतो. हेलियमच्या जागी आरगॉन घेताना तर प्रवाहाचा स्वभावच बदलतो: २ मिलीमीटरच्या नळीतून मिनिटाला २ लिटर हेलियम गेला की रेनॉल्ड्‌स अंक (प्रवाह सरळ की खळबळीचा हे सांगणारा आकडा) १७५ च्या आसपास येतो, आरगॉनचा मात्र दीड हजारावर जातो. हेलियमचा झोत सरळ राहतो. आरगॉनचा खळबळीच्या उंबरठ्याकडे सरकतो आणि हवा लवकर ओढून घेतो. दोन्ही वायूंचे वर्णपट शेजारी ठेवताना हा फरक आधी लक्षात घ्यायचा.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण पक्कं. उच्च विद्युतदाबाच्या भागाला हात लावण्याआधी पुरवठा बंद करून भूसंपर्क द्या. ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात, तेव्हा जेटजवळ हवा बाहेर खेचणारी नळी हवीच. ओझोनची आठ तासांसाठीची प्रचलित मर्यादा दहा लाखांत ०.१ भाग आहे. ही खेचणारी नळी मात्र जेटला वाकवेल इतकी जवळ नको. बंदिस्त छोट्या खोलीत हेलियम किंवा आरगॉन तासन्‌तास सोडला तर ऑक्सिजन कमी होतो, आणि ते नाकाला कळत नाही. अतिनील किरणं अडवणारा चष्मा लावा.

फायबर कुठे आणि कसा

नेहमीच्या फायबरचा संख्यात्मक छेद ०.२२ असतो. म्हणजे तो दोन्ही बाजूंना सुमारे १२.७ अंश बघतो. ५ सेंटीमीटरवर ठेवलेला उघडा फायबर सव्वादोन सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ बघतो, म्हणजे जवळपास अख्खी सुई. अशा नोंदीतून "जेटच्या टोकाला काय आहे" हे सांगता येत नाही. ५ मिलीमीटरवर आणला तर वर्तुळ सव्वादोन मिलीमीटरचं होतं, पण तेवढ्या जवळ नेण्यात दुसरी अडचण आहे.

फायबरच्या टोकाला धातूची टोपी असते आणि बऱ्याच फायबरांवर धातूचं कवच असतं. जेटजवळ नेलं की ते भूसंपर्कासारखं वागतं. एकदा मी खोली अंधारी करून फायबर मिलीमीटर-मिलीमीटरने जवळ सरकवत होतो. सात-आठ मिलीमीटरवर सुई वाकली आणि टोपीच्या कडेवर पिनेच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चमकू लागला. पडद्यावर ३३७ चं शिखर एकदम चढलं. संकेत सुधारला असं वाटावं अशीच ती घटना होती, पण प्रत्यक्षात फायबरनेच जेट बदलला होता. तेव्हापासून मी फायबर जागेवर बसवल्यावर दिवे घालवून डोळ्यांनी बघतो, आणि फायबर असताना व नसताना विद्युतप्रवाहाचा आलेख ऑसिलोस्कोपवर तोच येतो का ते तपासतो.

यावर चांगला उपाय म्हणजे भिंग. फ्यूज्ड सिलिकाचं, १०० मिलीमीटर नाभीय अंतराचं भिंग जेटपासून २०० मिलीमीटरवर, आणि त्याच्या पलीकडे २०० मिलीमीटरवर फायबर. जेटची प्रतिमा एकास एक मापात फायबरच्या तोंडावर पडते, आणि ४०० मायक्रॉनचा फायबर सुईचा साधारण तेवढाच तुकडा बघतो. धातू दूर राहतो. साधी काच इथे चालत नाही, ती ३१० च्या खालचं बहुतेक गिळते.

भिंगाची एक खोड आहे. सिलिकाचा अपवर्तनांक अतिनीलमध्ये जास्त असतो, त्यामुळे ३०९ आणि ७७७ नॅनोमीटरची नाभीय अंतरं सहा-सात टक्क्यांनी वेगळी पडतात. लाल प्रकाशात नीट जुळवलेली प्रतिमा अतिनीलमध्ये पसरट होते. म्हणून जुळवणी डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर न करता ज्या तरंगलांबीचा अभ्यास करायचा तिच्या शिखरावर करा. अतिनील आणि लाल दोन्हींची तुलना करायची असेल तर अंतर्गोल आरसा बरा, त्याला रंगभेद नाही.

तरंगलांबी आणि संवेदनक्षमतेचं अंशांकन

तरंगलांबीसाठी पारा-आरगॉनचा दिवा घ्या. पाऱ्याच्या २५३.६५, ३६५.०२, ४०४.६६, ४३५.८३, ५४६.०७ आणि आरगॉनच्या ६९६.५४, ७५०.३९, ७६३.५१, ८११.५३ या रेषा पुरेशा आहेत. छोट्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये खोली तापली की अर्धा नॅनोमीटर सरकणं नवल नाही. आणि ओळख पटवण्याचा सगळा खेळ अर्ध्या नॅनोमीटरचाच असतो.

पाऱ्याच्या रेषा आणखी एका कामाला येतात. जेटच्या वर्णपटात ५४६.१ चं टोकदार शिखर दिसलं तर तुमच्या जेटमध्ये पारा नाही, छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड आत शिरतो आहे.

संवेदनक्षमतेचं अंशांकन म्हणजे यंत्र प्रत्येक रंगाला किती दाद देतं ते ठरवणं. ३५० नॅनोमीटरच्या वर टंगस्टन हॅलोजन दिवा, २०० ते ४०० साठी ड्यूटेरियम दिवा. प्रमाणित दिव्याचा प्रकाश त्याच भिंगातून, त्याच फायबरमधून, त्याच झिरीतून (स्पेक्ट्रोमीटरच्या प्रवेशफटीतून) घ्यायचा. नुसत्या स्पेक्ट्रोमीटरचं अंशांकन अर्धवट ठरतं. हे केलं नाही तर ३३७ आणि ७७७ च्या उंचीची तुलना करू नका. एकाच शिखराची वेगवेगळ्या प्रवाहांत तुलना करायची असेल तर याशिवाय चालतं.

नोंद घेताना

अंधाराची नोंद प्रत्येक वेळी, तेवढ्याच वेळेसाठी, वायू चालू आणि विद्युतदाब बंद ठेवून घ्या. सोळा बिटच्या यंत्रात कमाल आकडा ६५,५३५. सर्वात उंच शिखर याच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर राहील एवढाच वेळ ठेवा. हेलियम जेटमध्ये नायट्रोजनची शिखरं अनेकदा इतकी वरचढ असतात की ऑक्सिजनची रेषा तळाशी दबून जाते. अशा वेळी दोन नोंदी करा: एक छोट्या वेळेची, उंच शिखरांसाठी, दुसरी दहापट वेळेची, ज्यात उंच शिखरं कापली जातील पण बारीक रेषा वर येतील. कापल्या गेलेल्या शिखराच्या शेजारचे आकडेही धरू नका, तिथे प्रभार सांडलेला असतो.

हा सगळा प्रकाश सरासरीचा आहे हे विसरू नका. २० किलोहर्ट्‌झचं एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं. जेटच्या एखाद्या ठिकाणी खरा उजेड त्यातले जेमतेम १०० नॅनोसेकंद असतो, म्हणजे ०.२ टक्के वेळ. अर्ध्या सेकंदाच्या नोंदीत अशी दहा हजार आवर्तनं एकावर एक रचलेली असतात.

शिखरांची ओळख, आणि ७७७ चा घोळ

ठळक खुणा अशा. २२० ते २६० मध्ये नायट्रिक ऑक्साइडचे पट्टे. ३०६ ते ३१२ मध्ये हायड्रॉक्सिल. ३१५.९, ३३७.१, ३५३.७, ३५७.७, ३७५.५, ३८०.५, ३९९.८ आणि ४०५.९ ही नायट्रोजन रेणूची दुसरी धन मालिका (पट्ट्यांच्या एका गटाचं नाव). ३९१.४ आणि ४२७.८ नायट्रोजनच्या आयनाची. ४८६.१ आणि ६५६.३ हायड्रोजन. ५८७.६, ६६७.८, ७०६.५, ७२८.१ हेलियम, यातली ५८७.६ ची पिवळी रेषा १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात आधी दिसली आणि हेलियमचा शोध तिथून सुरू झाला. ७७७.४ आणि ८४४.६ ऑक्सिजनचे अणू.

आता अडचणीच्या जागा. ३१२ च्या आसपास हायड्रॉक्सिलच्या शेपटीवर नायट्रोजनचे ३११.७ आणि ३१३.६ चे पट्टे चढतात. हवा जास्त मिसळली की "हायड्रॉक्सिल वाढलं" असं दिसतं ते यामुळे. क्षेत्रफळ काढताना ३०६ ते ३१० एवढाच भाग घ्या. हेलियममध्ये आरगॉन मिसळत असाल तर ७०६.५ वर विसंबू नका, आरगॉनची एक रेषा ७०६.७ वर आहे.

सर्वात फसवा घोळ द्वितीय क्रमाचा. स्पेक्ट्रोमीटरमधली रंग वेगळे करणारी जाळी, म्हणजे ग्रेटिंग, ज्या कोनात ७७७.७ नॅनोमीटरचा प्रकाश पाठवते त्याच कोनात ३८८.९ चा द्वितीय क्रमही पाठवते, कारण ३८८.८६ च्या दुप्पट ७७७.७ होतात. आणि ३८८.८६ वर हेलियमची रेषा आहे. ज्या स्पेक्ट्रोमीटरची विभेदनक्षमता एक नॅनोमीटर आहे त्याला हेलियमचं हे भूत आणि ऑक्सिजनची ७७७.४ ची रेषा वेगळी करता येत नाही. म्हणजे ऑक्सिजनचा एक अणूही नसताना पडद्यावर "अणुरूप ऑक्सिजन" दिसू शकतो. प्लाझ्माने जंतू मारण्याचं स्पष्टीकरण जिथे अणुरूप ऑक्सिजनवर उभं असतं, तिथे ही चूक किती महागात जाईल याचा विचार करा.

ते एकटं नाही. नायट्रोजनच्या ३५३.७ चा द्वितीय क्रम ७०७.३ वर पडतो, हेलियमच्या ७०६.५ ला चिकटून. जेटच्या टोकाकडे हेलियम विरळ होतो आणि नायट्रोजन उजळतो, तेव्हा "७०६.५" मध्ये बराचसा नायट्रोजनच मोजला जाण्याची शक्यता असते. ३३७.१ चं प्रतिबिंब ६७४.२ वर, ३५७.७ चं ७१५.४ वर. उलट या दोघांचा उपयोगही होतो: ६७४ आणि ७१५ वर तुमच्या वर्णपटात अनोळखी शिखरं दिसली, तर यंत्रात द्वितीय क्रम येतो आहे हे तिथेच सिद्ध झालं.

खात्री करायला ४९५ किंवा ५५० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारा रंगीत काचेचा फिल्टर फायबरसमोर धरा. खरी ७७७ ची रेषा फिल्टरच्या किरकोळ ऱ्हासापुरती उतरेल. भूत नाहीसं होईल. खिडकीची साधी काच धरून ही चाचणी करू नका. ती ३०९ बरंच अडवते पण ३८८.९ आरामात जाऊ देते, आणि तुमची समजूत होईल की रेषा खरी आहे. काही यंत्रांत संवेदकावरच असा फिल्टर बसवलेला असतो. माहितीपत्रकात लिहिलं असलं तरी एकदा स्वतः तपासा. जोडीला ८४४.६ बघा. ऑक्सिजन खरा असेल तर तीही असायला हवी, फक्त सिलिकॉन संवेदकाची दाद तिथे उतरलेली असते हे हिशेबात धरून.

अक्षावर पुढे सरकत जाणं

ओळख पक्की झाली की भिंग आणि फायबरची जोडी एका सरकत्या पट्टीवर ठेवून नळीच्या तोंडापासून मिलीमीटर-मिलीमीटरने पुढे न्या. हेलियमच्या रेषा तोंडाजवळ उजळ असतात आणि पुढे घसरतात. नायट्रोजन आणि त्याचा आयन आधी चढतात, मग उतरतात. तोंडापाशी हवा पोचलेली नसते, आणि दूरवर हेलियम पातळ होऊन इलेक्ट्रॉनांचा जोर ओसरतो. हे चढ-उतार एकाच आलेखावर, प्रत्येक रेषा तिच्या कमाल उंचीने भागून काढा. जेट आणि हवा यांची मिसळण तुम्हाला डोळ्यांसमोर दिसेल. माझ्या मते छोट्या स्पेक्ट्रोमीटरचं सर्वात मोलाचं काम हेच आहे. शेवटी खाली ज्या पृष्ठभागावर जेट टाकायचा तो ठेवून हीच फेरी पुन्हा करा. मोकळा जेट आणि पाण्यावर किंवा धातूवर टेकलेला जेट यांचे आलेख सारखे येत नाहीत.

वायूचं तापमान

हवेच्या दाबाला रेणूंच्या टकरी इतक्या होतात की फिरणाऱ्या रेणूंची परिवलनाची (स्वतःभोवती फिरण्याची) ऊर्जा वायूच्या तापमानाशी जुळवून घेते. म्हणून नायट्रोजनच्या पट्ट्याचा आकार वाचून वायूचं तापमान काढतात. ३३७.१ किंवा ३८०.५ चा पट्टा घ्या. त्याचं डोकं लांब तरंगलांबीकडे असतं आणि उतार आखूड तरंगलांबीकडे. वायू तापला की तो उतार भरीव होतो.

आधी यंत्राची स्वतःची रुंदी हवी. पाऱ्याची ४०४.६६ ची रेषा नोंदवून तिचा आकार साठवा, कारण तिची दिसणारी सगळी रुंदी यंत्राचीच असते. मग मॅसिव्हओईएस किंवा स्पेकेअरसारख्या आज्ञावलीत तो आकार देऊन संगणकीय वर्णपट मोजलेल्याशी जुळवा. हायड्रॉक्सिल आणि नायट्रोजनच्या आयनासाठी लिफबेस उपयोगी आहे. विभेदन ०.१ नॅनोमीटर किंवा त्याहून चांगलं असेल तर आकडा विश्वासाचा येतो. एक नॅनोमीटरच्या यंत्रातून "जेट गार आहे की शेकडो अंश तापलेला आहे" एवढंच सांगावं, ३१२ केल्विन की ३२५ हा वाद घालू नये.

आरगॉनमध्ये हा मार्ग सरळ नाही. आरगॉनचा मेटास्टेबल अणू आपली ऊर्जा देऊन नायट्रोजनला थेट त्याच पातळीवर चढवतो, आणि असा रेणू जोरात फिरतच जन्माला येतो. मग तापमान खऱ्यापेक्षा जास्त निघतं. हायड्रॉक्सिलचंही असंच; पाण्याचा रेणू फुटून तो तयार होतो तेव्हा फिरण्याची जादा ऊर्जा घेऊन येतो, आणि जुळवणीत एकाऐवजी दोन तापमानं दिसतात. म्हणून दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतून तापमान काढा आणि शक्य असेल तर प्रकाशीय फायबरच्या तापमापकाने ताडून बघा. धातूचं थर्मोकपल इथे नको, कारण तेच जे फायबरच्या टोपीचं झालं.

इलेक्ट्रॉनांची घनता

हायड्रोजनच्या ४८६.१ च्या रेषेची रुंदी मोजून घनता काढण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण गार जेटला ती क्वचितच लागू पडते. घन सेंटीमीटरला १०^१३ इलेक्ट्रॉन असतील तर त्यांच्यामुळे येणारी रुंदी साधारण ०.००९ नॅनोमीटर. आरगॉनमध्ये खोलीच्या तापमानाला नुसत्या शेजारी अणूंमुळे येणारी रुंदी सुमारे ०.१ नॅनोमीटर. आणि छोट्या यंत्राची स्वतःची एक नॅनोमीटर. घनता १०^१४ च्या पुढे असेल आणि अर्धा-एक मीटर लांबीचा मोनोक्रोमेटर असेल, तरच या वाटेला जा.

तशीच सावधगिरी "इलेक्ट्रॉन तापमान" काढण्यात. हेलियमच्या चार-पाच रेषांचा बोल्ट्झमन आलेख (पातळीच्या ऊर्जेनुसार तिच्यातली भरणी दाखवणारा) काढून उतारावरून तापमान लिहिलेलं सर्रास दिसतं. तो आकडा त्या पातळ्यांच्या भरणीचा आहे, इलेक्ट्रॉनांचा नाही; हा प्लाझ्मा समतोलात नसतोच. खरं इलेक्ट्रॉन तापमान काढायला टकरी आणि उत्सर्जन दोन्हींचा हिशेब ठेवणारं प्रारूप लागतं. थोडा आरगॉन मिसळून त्याच्या ७५०.४ च्या रेषेशी ऑक्सिजनच्या ८४४.६ ची तुलना करण्याच्या पद्धतीतही, हवेच्या दाबाला टकरींमुळे उत्तेजित कण उजेड न देताच विझतात, आणि ते विझण्याचं प्रमाण वायूच्या मिश्रणागणिक बदलतं. ते धरलं नाही तर निष्कर्ष मिश्रणाबद्दल निघतो, ऑक्सिजनबद्दल नाही.

वेळेनुसार बघायचं असेल तर

डोळ्यांना अखंड दिसणारी सुई प्रत्यक्षात धावणारे प्रकाशाचे गोळे असतात. २००५-०६ मध्ये नॅनोसेकंदांच्या कॅमेऱ्यांनी हे दाखवलं. वेग सेकंदाला दहा ते शंभर किलोमीटरच्या घरात. तसा कॅमेरा नसला तरी दोन प्रकाशगुणक नळ्या (क्षीण उजेडाचाही झटपट विद्युतसंकेत देणाऱ्या), दोन फायबर आणि ऑसिलोस्कोप यांवर वेग मोजता येतो. अक्षावर १० मिलीमीटर अंतराने दोन ठिकाणं बघा. दोन संकेतांत २०० नॅनोसेकंदांचं अंतर आलं तर वेग सेकंदाला ५० किलोमीटर.

केबल आणि फायबर यांची लांबी दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. दोन्हींत मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद जातात. ठिकाणं २ मिलीमीटरवर असतील तर त्याच गोळ्याला ४० नॅनोसेकंद लागतात, आणि एक मीटर जादा केबल बारा टक्क्यांची चूक घालते. ऑसिलोस्कोपवर ५० ओहमचा शेवट द्या, नाहीतर संकेत मागे परततो आणि दुसरं शिखर दिसतं. नंतर दोन्ही नळ्या एकाच ठिकाणावर रोखा. फरक शून्य आला नाही तर जो येईल तो वजा करा.

वहीत काय लिहायचं

विद्युतदाब आणि प्रवाहाचे आलेख, वारंवारता, वायूचा प्रवाह, नळीचा व्यास, फायबर, भिंग आणि अंतरं, झिरी, नोंदीचा वेळ, किती नोंदींची सरासरी, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, जेट किती वेळ चालू होता, पुढे पृष्ठभाग कोणता. अंधार वजा करण्याआधीची मूळ नोंद जपा, वजा केलेली पुन्हा बनवता येते.

आणि दिवसाची पहिली अवस्था संध्याकाळी, काहीही न हलवता, पुन्हा लावून नोंद घ्या. ७०६.५, ३३७.१ आणि ३०९ ची उंची सकाळच्या उंचीशी पाच-सात टक्क्यांत जुळली, तर मधल्या सगळ्या नोंदी वापरा. त्याहून जास्त फरक आला तर त्या दिवसाचे आलेख काढू नका. आधी नळी, टोकावरचा इलेक्ट्रोड आणि फायबरची जागा तपासा, आणि दुसऱ्या दिवशी वायू सोडून पुन्हा ३०९ स्थिर होण्याची वाट बघा.